नोंद झाली आहे

“घाबरू नका आजी, तुमची नोंद झालीये. माणूस निघालाच आहे आमचा.”

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा टेबलताई पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरत उभी होती. बाटली भरून पाणी तिच्या चपलेवर सांडायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मघाशी झेरॉक्सच्या मशीनपाशी असताना तिनं हेच वाक्य ऐकलं होतं. त्याच्या आधी जिन्यातून वर येतानाही. शब्द तेच, सूरही तोच. तेव्हा ती स्वतःच्याच विचारात होती. आता मात्र मनात काहीतरी टोचलं.

ती फोनच्या टेबलाशी गेली. तिथं बसणाऱ्या गृहस्थाला ऑफिसात सगळे ‘आवाज’ म्हणत. लिफ्टदुरुस्तीच्या या कंपनीत येण्यापूर्वी तो प्रदर्शनांमध्ये लाउडस्पीकरवरून घोषणा करायचा. हरवलेल्या मुलांच्या आयांना धीर द्यावा तर त्यानंच, असा त्याचा गळा होता. लिफ्टच्या नावानं खडे फोडायला फोन करणारी माणसंसुद्धा शेवटी त्याला “थँक यू हं” म्हणून फोन ठेवत.

“कोण हो या आजी?” तिनं विचारलं.

“अहो, त्या बागेसमोरच्या निळ्या इमारतीतल्या. यजमान लिफ्टमध्ये अडकलेत त्यांचे. सारखा फोन करतायत बिचाऱ्या.”

“मग तिकडं गेलंय कोण?”

“ते मला कुठं दिसतं? मी इथं भरतो, ते तिकडं मेकॅनिकच्या मोबाइलवर जातं. तुम्हीच तर केलंय ते.”

ते खरं होतं. कंपनीच्या तक्रारींचं सगळं टेबल तिनं बांधलेलं होतं. कुठली लिफ्ट, कुठली इमारत, काय बिघडलं, कोण गेलं, कधी मिटलं, एकेका तक्रारीची एकेक ओळ. टायपिस्ट म्हणून लागली होती, मग डेटाबेसचा एक कोर्स केला, मग दुसरा, आणि हळूहळू ते सगळं तिच्याच गळ्यात पडलं. कुणी काहीही विचारलं की “थांबा, टेबलात बघते” म्हणायची सवय. त्यावरून मेकॅनिक लोकांनी तिचं नाव टेबलताई पाडलं. त्यात गंमत अशी की टेबलताई तिच्या टेबलावर कधीच सापडायची नाही. विचार करायचा तर तिला चालावं लागे. पॅसेजमध्ये, जिन्यात, गच्चीच्या दारापर्यंत आणि परत. फरश्या झिजल्या तर तुमच्या पगारातून कापीन, असं साहेब म्हणायचे.

आवाजच्या खुर्चीमागून वाकून तिनं निळ्या इमारतीची लिफ्ट शोधली. एकच ओळ आली. ‘चौथ्या मजल्याचं बटण पेटत नाही. सुटा भाग मागवला आहे.’ तक्रार तीन आठवड्यांपूर्वीची, अजून उघडी.

खाली काही नाही. तिनं पुन्हा शोधलं. काही नाही.

“तुम्ही नक्की भरलंत?”

“म्हणजे काय! प्रत्येक फोनला भरलं.” आवाजच्या गोड गळ्याला जरा धार आली. “प्रत्येक वेळी हिरवी पट्टी आली. ‘नोंद झाली आहे’. ती बघितल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही तसं.”

टेबलताईच्या हातातली बाटली टेबलावर आडवी झाली. आवाजनं घाईघाईनं फोन उचलून धरला, कागद उचलले. तिला काही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त हिरवी पट्टी, आणि ती तिनंच तयार केलेली होती.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी एकाच लिफ्टची तक्रार टेबलात चारचारदा पडायची. लिफ्ट बंद पडली की तळमजल्याचा माणूस फोन करी, सातव्या मजल्याचा करी, सेक्रेटरी करी, आणि सेक्रेटरीची बायको वेगळा करी. प्रत्येक फोनची नवी ओळ, प्रत्येक ओळीमागं नवा मेकॅनिक. दोरी नावाचा त्यांचा एक मेकॅनिक होता, अंगानं दोरीसारखाच. तो एकदा भर उन्हात हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन नऊ मजले चढून गेला, तर वर दुसरा मेकॅनिक काम संपवून हात पुसत उभा. दोरीनं ऑफिसात येऊन पिशवी साहेबांच्या काचेवर आपटली होती.

मग साहेबांनी तिला सांगितलं, “ही डबल भानगड बंद करा.”

तिनं आधी सरळ उपाय केला. नवी ओळ भरण्यापूर्वी टेबलात बघायचं, तशी तक्रार आधीच आहे का. नसेल तर भरायची. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी परत दोन ओळी. तेव्हा फोनवर बसणाऱ्या दोघांनी एकाच क्षणी बघितलं होतं. दोघांनाही टेबल रिकामं दिसलं, आणि दोघांनीही भरलं. बघणं आणि भरणं यांच्यामध्ये फट होती. ती फट बुजवायची तर नियम टेबलालाच घालायला हवा होता. तसा तिनं घातला. एका लिफ्टची उघडी तक्रार एका वेळी एकच. दुसरी आली तर टेबलच ती घेणार नाही. पण टेबलानं नाकारलं की पडद्यावर लाल अक्षरं येत, आवाज गडबडून जाई, हाका मारी. तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट केली. दुसरी ओळ आली तर काहीच करू नकोस, गप्प बस, असं लिहून टाकलं. लाल अक्षरं गेली. नोंद होवो न होवो, हिरवी पट्टी दोन्ही वेळेला येऊ लागली.

‘दुसरी तक्रार निराळीच असली तर?’ हे तिच्या मनात तेव्हा आलं नव्हतं असं नाही. साहेबांना विचारलंही होतं. “लिफ्ट तर तीच ना?” ते म्हणाले, “माणूस जाईल तेव्हा सगळंच बघेल.” तिला ते पटलं होतं. माणूस गेलाच नाही तर, याचा विचार दोघांपैकी कुणीच केला नाही. आणि लिफ्टच्या आत कुणी असेल याचाही नाही.

“पुन्हा फोन आला तर त्यांना सांगा, अग्निशमनवाल्यांना बोलवा,” ती म्हणाली. “थांबा, तुम्हीच करा त्यांना फोन. आणि आजींना खरं सांगा.”

“खरं म्हणजे काय सांगू?”

“की कुणी निघालेलं नव्हतं. आता निघालंय.”

ती जिना उतरली ती दोन दोन पायऱ्या गाळत. दोरी खाली गोदामाच्या दारात डबा उघडून बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं न विचारताच डब्याचं झाकण लावलं.

“माणूस अडकलाय,” ती म्हणाली. “निळ्या इमारतीत. मीही येते.”

“तुम्ही कशाला? ऊन किती आहे बघा.”

“चल रे तू!”

स्कूटरवर मागं बसून तिनं हत्यारांची पिशवी पोटाशी धरली. प्रत्येक सिग्नलला तिला वाटे, उतरून पळावं. दोरी गाडी हाकता हाकता विचारत होता. किती वेळ झाला, वीज गेली होती का, आत किती जण. तिला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. “टेबलात काय म्हटलंय?” त्यानं सवयीनं विचारलं. रस्त्यात एक ट्रक आडवा लागत होता. ड्रायव्हर निवांत मान वळवून मागं बघत होता, जणू सगळ्या गावाला वेळच वेळ आहे. टेबलताई त्याच्यावर ओरडली. इतक्या मोठ्यानं की दोरी दचकला. एवढ्या वर्षांत त्यानं तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

इमारतीच्या दारावरची वॉचमनची खुर्ची रिकामी होती. दुपारची वेळ, घरोघरची माणसं कामावर. जिन्यात चढताना वरून बोलणं ऐकू येत होतं. बाईमाणसाचा खणखणीत आवाज आणि त्याला मधूनच कुठून तरी भिंतीतून आल्यासारखं उत्तर.

“गॅस तुम्हीच चालू ठेवला होतात!”

“मी नाही. मी दूध उतरवून बंद केला.”

“मग काय आपोआप पेटला?”

चौथ्या मजल्यावर एक आजी लिफ्टच्या दाराला कान लावून फरशीवर बसल्या होत्या. पांढरे केस सुटलेले, एका हातात मोबाइल, दुसरा हात दारावर सपाट टेकलेला. या दोघांना बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “गॅस बंदच होता हो. पण भांडले की बोलतात. गप्प झाले की माझा जीव जातो.”

दोरीनं दाराच्या काचेतून टॉर्च मारला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकत होती. आत खालच्या बाजूला एक टक्कल दिसलं. आजोबा खाली बसले होते.

“ताई, मी वर मशीनरूममध्ये जातो. वीज तोडून चाक हातानं फिरवतो. तुम्ही इथं थांबा आणि मला ओरडून सांगा कुठं आली ती. फरशीला फरशी लागली की ‘बस’ म्हणा. एक बोट इकडं तिकडं चालेल, वीतभर नाही.”

तो वर पळाला. टेबलताई दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली. वरून लोखंड कुरकुरल्याचा आवाज आला. लिफ्ट थरथरली. आतून आजोबा काहीतरी पुटपुटले.

“काही नाही हो, काही नाही,” आजी म्हणाल्या. “तुम्हाला वरच आणतायत. आणि तो निळा शर्ट कशाला घातलात आज? मी करडा काढून ठेवला होता.”

“करड्याची कॉलर बसत नाही,” आतून उत्तर आलं, पण आता त्या आवाजातलं पाणी संपलं होतं.

“ये! ये! अजून ये!” टेबलताई ओरडत होती. लिफ्टचं छत वर सरकत गेलं, मग पिंजरा, मग आतल्या आरशाची कड. “हळू! अजून थोडी... बस! बस!”

लिफ्ट थांबली. दोरी धापा टाकत खाली आला, पिशवीतून किल्ली काढून त्यानं दार उघडलं. आतून कोंडलेली गरम हवा अंगावर आली आणि तिच्याबरोबर एक वास.

आजोबा कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसले होते. निळ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर दोन्ही हात पसरलेले. हात झाकण्यासाठी ठेवले होते, हे टेबलताईच्या एका क्षणानं लक्षात आलं. पँट ओली होती.

“चला काका, हात द्या,” दोरी पुढं झाला.

आजोबा हलले नाहीत. त्यांनी फक्त बायकोकडं बघितलं. “यांना जायला सांग.”

“दोघं जरा पाठ करता का?” आजी म्हणाल्या.

दोघांनी पाठ केली. दोरी भिंतीकडं तोंड करून पिशवीतल्या हत्यारांची उगाचच मांडामांड करायला लागला. पाना काढ, पाना ठेव. आजी घरात गेल्या, आल्या. मागं कापडाची सळसळ, दबकी कुजबुज, एकदा “सावकाश, सावकाश”. मग पावलं, आणि शेजारचं दार लागल्याचा आवाज.

बऱ्याच वेळानं आजी एकट्याच बाहेर आल्या. हातात पाण्याचे दोन पेले.

“पडलेत जरा. बोलत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “उभा जन्म शिंपीकाम केलं हो त्यांनी. सुरकुतलेल्या कपड्यात कधी दार उघडलं नाही कुणाला.”

“आजी, तुम्ही दुसऱ्या कुणाला फोन का नाही केलात?” दोरीनं विचारलं. “अग्निशमनवाले आले असते.”

“अरे, पण माणूस निघालाय म्हणाले ना. दर वेळी म्हणाले. मला वाटलं, दोन दोन ठिकाणच्या माणसांना कशाला हेलपाटे घालायला लावायचे?” त्यांनी टेबलताईकडं बघितलं. “तुमचे ते फोनवरचे गृहस्थ फार गोड बोलतात हं. त्यांचा आवाज ऐकला की धीर यायचा. शेवटच्या फोनला मात्र काय बोलावं ते त्यांना सुचेना. तेव्हा मात्र घाबरले मी.”

“चूक आमची आहे आजी,” टेबलताई म्हणाली. “माझी.”

“तुमची कशी? तुम्ही तर धावत आलात.” त्यांनी तिच्या हातात पेला दिला. “प्या. घामानं निथळताय.”

खाली अग्निशमनची गाडी आल्याचा भोंगा वाजला. दोरी त्यांना सांगायला खाली गेला. टेबलताईला ते पाणी गिळता येईना, आणि न पिता पेला परतही देववेना.

ऑफिसात परत आल्यावर ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच टेबल उघडून शोधत राहिली. निळ्या इमारतीसारखं आणखी कुठं झालं असेल? सुट्या भागासाठी थांबलेल्या तक्रारी कितीतरी होत्या. कुठं दिवा, कुठं पंखा, कुठं दाराची कडी. त्या प्रत्येक लिफ्टबद्दल मधल्या काळात कुणीकुणी फोन केले असतील, हिरवी पट्टी बघून आवाजनं त्यांना धीर दिला असेल. त्या फोनांचं टेबलात नावनिशाण नव्हतं. चुकीचं काही भरलं गेलं असतं तर शोधता आलं असतं. जे भरलंच नाही ते कशात शोधायचं?

साहेबांनी तिला आत बोलावलं. तेही हादरलेले होते. “माणूस सुखरूप आहे ना?”

“घरी आहे.”

“मग आता तो नियम काढून टाकायचा म्हणता? म्हणजे पुन्हा एकेका लिफ्टला चारचार मेकॅनिक?”

“नियम नाही काढायचा.” ती त्यांच्या केबिनमध्येही येरझाऱ्या घालत होती; तीन पावलांवर भिंत येत होती. “तक्रार एकच राहील, साहेब. पण प्रत्येक फोनची ओळ वेगळी राहील, त्या तक्रारीच्या खाली. कुणी केला, कधी केला, काय म्हणाले. दुसऱ्यांदा फोन आला की मेकॅनिकचा मोबाइल दुसऱ्यांदा वाजेल. आणि माणूस अडकला असेल तर ती वेगळीच तक्रार. बटणाची उघडी आहे म्हणून ती अडायची नाही.”

“आणि ती हिरवी पट्टी?”

“ती खोटं बोलणार नाही. जुनी नोंद असेल तर तसंच म्हणेल. कधीपासून आहे, कशासाठी आहे, कोण गेलंय. कुणी गेलं नसेल तर तेही.”

“लोक चिडतील ते ऐकून.”

“चिडू देत,” ती म्हणाली. “चिडले की दुसरीकडं फोन तरी करतील.”

बाहेर आवाज त्याच्या जागेवर बसला होता. हेडफोन गळ्यात, समोर फोन वाजतोय आणि हा उचलत नाही. तिनं जवळ जाऊन स्वतः फोन उचलला, कुणाचं तरी दार अडकतंय ते लिहून घेतलं.

“ताई,” तो म्हणाला, “मी त्यांना जेवून घ्या म्हणालो होतो. शेवटच्या आधीच्या फोनला. ‘आजी, तोवर दोन घास खाऊन घ्या.’”

त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून ती जिन्याकडं वळली आणि खालपर्यंत जाऊन परत आली.

घरीही तिचं तसंच. संध्याकाळी नवरा छापखान्यातून आला तेव्हा ती स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या घालत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, “सुटला ना माणूस? मग झालं की.”

“सुटला,” ती म्हणाली, आणि पुन्हा बाल्कनीपर्यंत गेली. थोड्या वेळानं नवऱ्यानं काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. “चल, बाहेर चाल. घरात ठेचकाळशील कुठंतरी.” दोघं वसाहतीभोवती चालत राहिले. तो बिचारा दिवसभर मशीनपाशी उभा असायचा, तरी चालला.

नवं टेबल चालू झालं. पहिल्याच आठवड्यात मेकॅनिक कावले, फोन वाजून वाजून डोकं उठलंय म्हणाले. दोरीनं त्यांना गप्प केलं. आवाज आता लोकांशी अडखळत बोलायला लागला होता. “थांबा हं, बघून सांगतो... नाही, अजून कुणी निघालेलं नाही.” त्याचा गळा गोडच होता, पण “थँक यू” फार कमी जण म्हणत.

बटणाचा सुटा भाग अखेर आला. दोरी तो बसवायला निघाला तेव्हा टेबलताईनं त्याला थांबवलं नाही, पण त्याच्या मागोमाग तीही बस पकडून निघाली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. आजोबा कसे आहेत ते नुसतं बघून यावं, एवढंच.

लिफ्ट चालू होती. तळमजल्यावर दार उघडून उभीच होती. टेबलताई जिन्यानं निघाली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिना वळतो तिथं, खिडकीखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीवर आजोबा बसले होते. करडी पँट, इस्त्रीची धार पार बुटापर्यंत. पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. कपाळावर घाम होता आणि रुमालाची घडी न मोडता ते तो टिपत होते. वरून उतरायला निघाले होते. खाली पोचायला अजून बराच जिना होता.

तिनं त्यांना ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

“लिफ्ट बंद आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही, चालू आहे.”

“हं,” ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरून दोरीच्या हत्यारांचा खणखणाट ऐकू येत होता. आजोबांनी कठडा धरला, दुसरा हात गुडघ्यावर टेकला आणि सावकाश उठून उभे राहिले. शर्टाची कड खाली ओढून सरळ केली.

“बसा,” खुर्चीकडं हात करून ते तिला म्हणाले. “दम लागला असेल. माझी विश्रांती झाली.”

ती बसली. ते कठड्याला धरून तिच्या शेजारी ताठ उभे राहिले, तिचा श्वास खाली बसेपर्यंत.